नवाबचा नेमका कोणता पाय?

हसणार नाही असं वचन मी मागत नाही, ते तुमच्याच्यानं पाळवणार नाही. फक्त कप तेवढे खाली ठेवा. मागे एकानं हे ऐकताना माझ्या धोतरावर चहा सांडला, आणि वर मलाच म्हणाला, "घोड्याच्या बाबतीत इतका गाढवपणा करणारा तूच पहिला!"

तर तेव्हा आम्ही कलकत्त्यात होतो. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत कारकून, बिऱ्हाड भवानीपुरात. आणि त्या सुमारास मला भूतदयेचा झटका आला.

झटकाच म्हणतो मी. लोकांना साठीनंतर अध्यात्माचा येतो, मला तिशीतच भूतदयेचा आला. आमच्या घराजवळ मुक्या प्राण्यांसाठी काम करणारं एक मंडळ होतं. तिथं मी गाडीच्या घोड्यांच्या हालांवर एक व्याख्यान ऐकलं आणि डोळे पुसत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सभासद! त्यांनी एक छोटं पुस्तक हातात दिलं. त्यात लिहिलं होतं: घोडागाडीत बसण्याआधी घोड्याचे पाय हातानं चाचपून पाहा. मालक आडवा आला, तर समजा की तो काहीतरी लपवतो आहे.

हे वाक्य मी पाठ केलं. शाळेत पाढे पाठ केले नाहीत इतकं पक्कं पाठ केलं.

आता दिवस कोणता, तर आमच्या मेहुण्याच्या लग्नाला नागपूरला निघण्याचा. सुमती, म्हणजे आमची बायको, महिनाभर त्या एका दिवसासाठी जगत होती. सख्ख्या भावाचं लग्न! गाडी दुपारची, हावड्याहून. सुमतीनं एक ट्रंक, एक वळकटी आणि एक नवरा असं सामान दारात काढून ठेवलं, आणि मी नाक्यावरून घोडागाडी आणली.

गाडीवान म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. नाव रहमत. घोड्याचं नाव नवाब. घोडा चांगला गुबगुबीत, अंगावर माशी घसरेल अशी तकाकी, गळ्यात निळ्या मण्यांची माळ. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वा, काय जनावर आहे! पण मी दुसरा कुणी नव्हतो, मी सभासद होतो. मी सरळ खाली बसलो आणि नवाबचा पुढचा डावा पाय हातात घेतला.

"बाबूजी!" रहमत वरून ओरडला. "सब करो, मगर उसका पाँव मत छूना!"

बघा! आलं की नाही पुस्तकातलं?

"क्यों? क्या छुपाता है?" मी.

"छुपाता कुछ नहीं, बाबूजी. बात यह है कि यह जो नवाब है..."

"बस! एक शब्द नहीं!" माझं हिंदी रागावलं की जास्तच मराठी होतं. "चाबूक किधर है?"

"चाबुक तो है ही नहीं."

"हां! वो भी छुपाया!"

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं सुमतीकडे बघितलं. सुमतीनं आकाशाकडे बघितलं. मी मात्र पाय वरपासून खालपर्यंत चाचपला, गुडघा दाबला, नवाबच्या मानेवर थोपटलं, "बिचारा, बिचारा" म्हणालो, आणि गाडीत चढलो.

शंभर पावलं गेलो असू. नवाब लंगडायला लागला.

आणि कोणत्या पायानं? पुढच्या डाव्या! सांगतो तुम्हाला, त्या क्षणी मला एवढा आनंद झाला की त्याची लाज वाटून मी लगेच दुःखी चेहरा केला. "बघितलंस?" मी सुमतीला म्हणालो. "माझ्या नुसत्या हाताला कळलं."

"अहो, मघाशी येताना तर चांगला दुडक्या चालीनं येत होता."

"दुखणं लपवत होता! मुकं जनावर ते."

"बाबूजी, मैं अर्ज करूँ..." वरून रहमत.

"तू चूप!"

ओझं कमी व्हावं म्हणून मी गाडीतून उतरलो आणि घोड्याच्या बरोबरीनं चालू लागलो. त्यानं काही फरक पडेना. मग मी वळकटी उतरवून डोक्यावर घेतली. फरक पडला, पण तो माझ्या मानेला. नवाब माझ्याकडे बघून आणखीनच झोकात लंगडू लागला. चौरंगीवरून अशी आमची मिरवणूक चालली होती. पुढे घोडा, बाजूला डोक्यावर वळकटी घेतलेला मी, आत ट्रंकेवर पाय ठेवून बसलेली सुमती.

"अहो, तुम्ही पायी, वळकटी तुमच्या डोक्यावर. मग गाडी कशाला केली?"

"त्याला त्रास नको म्हणून."

"मग त्यालाच आत घ्या की! मी ओढते!"

धर्मतल्ल्यापर्यंत कसेबसे आलो आणि नवाब थांबलाच. तीन पायांवर उभा, चौथा अलगद उचललेला, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. दगडाला पाझर फुटावा! मी रुमालानं त्याच्या डोळ्यांवरची धूळ पुसली. मग पुस्तकातली दुसरी सूचना आठवली: दुखरा पाय चांगल्या पायाशी ताडून पाहा. म्हणून मी वळकटी खाली ठेवली आणि वाकून उजवा पाय चाचपला.

"या अल्लाह, दूसरा भी!" रहमतनं कपाळाला हात लावला.

कलकत्त्यात रस्त्यावर घोडा उभा राहिला तर गर्दी जमायला किती वेळ लागतो? मी वाकून सरळ होईपर्यंत वीस माणसं जमली होती. सगळ्यांत पुढे एक छत्रीवाले जाडे बाबू. "की होयेछे, मोशाय?"

मी सांगितलं, डावा पाय गेलाय. बाबूंनी छत्रीनं इशारा केला, घोड्याला दोन पावलं चालवा. रहमतनं चालवला. आणि मंडळी, नवाब उजव्या पायानं लंगडला!

"डान पा!" एक जण ओरडला. उजवा पाय!

"ना, बाँ पा!" छत्रीवाले बाबू गरजले. "ह्या सद्गृहस्थांनी स्वतः पाहिलंय, डावा!"

झालं. दोन तट पडले, डावे आणि उजवे. कलकत्त्यात डाव्यांकडे नेहमीच जास्त माणसं असतात, तशी इथंही होती. एक जण म्हणे चुना लावा, दुसरा म्हणे गरम वीट. कुणी म्हणालं, आधी खायला घाला, उपाशी आहे. ते मला पटलं. मी समोरच्या भडभुंज्याकडून चणे आणले आणि ओंजळीत धरले. नवाबनं डोळे उघडले, सगळे चणे खाल्ले, ओंजळ चाटली, आणि पुन्हा डोळे मिटले. मी दुसऱ्यांदा चणे आणले. तिसऱ्यांदा आणायला निघालो, तेव्हा गाडीचं दार धाडकन उघडलं.

सुमती खाली उतरली. पदर खोचला. गर्दी आपोआप दोन पावलं मागे सरली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज मुळीच भरला नव्हता. "तिकडे माझ्या भावाला हळद लागायची, आणि तुम्ही इथं भर रस्त्यात घोड्याला चणे भरवत उभे! गाडी चुकली ना, तर याद राखा!" मग ती नवाबच्या अगदी तोंडासमोर जाऊन उभी राहिली आणि कडाडली, "पुरे झाली नाटकं! चला आता मुकाट्यानं!"

मंडळी, आम्ही दोघंही चालायला लागलो. मी आणि घोडा.

मला तर त्या आवाजाची सवयच होती. पण नवाबनं तो जन्मात पहिल्यांदा ऐकला असणार. त्यानं कान टवकारले, चारही पाय जमिनीवर ठेवले, आणि सुमती आत चढते न चढते तोच असा काही उधळला, की गर्दीतले डावे आणि उजवे दोघेही फुटपाथवर. रहमत लगाम सावरतोय, सुमती दार ओढून घेतेय, आणि मी? मी वळकटीसकट मागे!

"थांबा! अहो, मी राहिलो!" मी ओरडलो. गाडी नदीच्या दिशेनं दिसेनाशी झाली.

ट्रामकडे धावलो. कंडक्टरनं वळकटी बघून दारच अडवलं, "एटा होबे ना!" दुसऱ्या ट्रामचंही तेच. शेवटी पायी निघालो. हावड्याच्या पुलावर तर जाणारं-येणारं अख्खं जग माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं. एका मारवाडी शेटजींनी मला हाक मारून आणखी एक पेटी घेतोस का, असं विचारलं. मी सभासद असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "कोई बात नहीं, यह हल्की है."

प्लॅटफॉर्मवर पोचलो तेव्हा गाडी हलली होती. खिडकीत सुमती! हात हलवत होती, काहीतरी ओरडत होती. एवढं झालं तरी निरोप देतेय बिचारी! मीही एका हातानं वळकटी सावरत दुसरा हात जोरजोरात हलवला. डबा जवळून गेला तेव्हा शब्द कळले. "अहो, हात कसले हलवताय! वळकटी टाका आत!"

तोवर गाडी पुढे गेली होती.

बाहेर आलो, तर रहमत उभा. नवाबही उभा, चारही पायांवर, ताजातवाना.

"बहूजी बोलीं, बाबूजी को घर छोड़ देना," रहमत म्हणाला.

मी मुकाट्यानं वर त्याच्याशेजारी जाऊन बसलो. आत बसायची लाज वाटली. अर्ध्या पुलावर आल्यावर विचारलं, "चाचा, इसका पाँव...?"

तेव्हा म्हातारा बोलला. दोन वर्षांपूर्वी नवाबच्या पायात खरंच खिळा घुसला होता. माझ्यासारख्याच एका भल्या बाबूंनी पाय चाचपला आणि त्याला जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं पंधरा दिवस हिरवं गवत, चणे, गूळ, आणि काम काही नाही. "तब से, बाबूजी, जो पाँव छुओ, उसी पाँव से लँगड़ाता है. ग्यारह साल का साथ है, चाबुक मैंने कभी रखा नहीं. मारूँ कैसे? हँसी आ जाती है."

"अरे, मग मला आधी का नाही सांगितलंस?" मी मराठीतच विचारलं.

त्याला बरोबर कळलं. "आपने बोलने कब दिया, बाबूजी?"

मी उतरताना त्याची हात जोडून माफी मागितली. त्यानं माझे हात धरले आणि म्हणाला, नवाबची एवढी सेवा कुणी केली नव्हती, माफी कसली? नवाब माझ्या खिशाचा वास घेत होता.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मी नागपूरला गेलो. लग्न मिळालं, वळकटीही पोचली. सासरी माझं स्वागत कसं झालं असेल, ते तुमच्या कल्पनेवर सोडतो.

प्रकरण इथं संपायला हरकत नव्हती. पण परत आलो, तर मंडळाचं बोलावणं. ते छत्रीवाले बाबू आमच्या अध्यक्षांचे सख्खे मेहुणे निघाले! त्यांनी सभेत सगळं वर्णन केलं. कसा ह्या तरुणानं नुसत्या स्पर्शानं घोड्याचं दुखणं ओळखलं, कसं स्वतःच्या डोक्यावर ओझं घेतलं, आणि ह्याच्या शुश्रूषेनं तो लंगडा घोडा कसा वाऱ्यासारखा धावत सुटला! टाळ्याच टाळ्या. मी उठलो, "खरं सांगायचं तर..." असं म्हणालोही. पण तोवर अध्यक्षांनी माझ्या गळ्यात हार घातला होता, आणि हार घातल्यावर खरं सांगणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

नव्या सभासदांना घोड्याचे पाय कसे चाचपावेत हे शिकवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. दोन वर्षं मी दर रविवारी तो वर्ग घेतला. माझे विद्यार्थी खिशात चणे घेऊन शहरभर हिंडले, दिसेल त्या घोड्याचा पाय धरला, आणि लंगडला की दवाखान्यात पाठवला.

त्या दोन वर्षांत कलकत्त्यात लंगडे घोडे इतके वाढले, की दवाखान्याला नवा तबेला बांधावा लागला. कोनशिलेवर नाव माझं आहे.