एक चिंचोका जास्त
आमच्या गणिताच्या मास्तरांची आधी नोकरी संपली, मग बायको गेली, शेवटी नजर गेली. उरली एक संख्या: ९,९४,००,८९१. एक आणि ती स्वतः सोडून तिला दुसऱ्या कुणाचा पूर्ण भाग जातो की नाही, म्हणजे ती मूळ संख्या आहे का, एवढं त्यांना मरायच्या आत कळायला हवं होतं.

फोन काढला की ते मान फिरवत. भागाकार हातानेच. लहान मूळ संख्यांपासून एकेकीने भागायचं, भाग गेला नाही की डब्यात एक चिंचोका टाकायचा. वर्गमूळ ९,९७० च्या किंचित आत, म्हणून त्याआतली शेवटची मूळ संख्या, ९,९६७, तिथे थांबलं तरी पुरे. हजार चिंचोके त्यांनी स्वतः टाकले. ७,९१९ झाल्यावर आकडे दिसेनासे झाले. उरलेले दोनशे अठ्ठावीस भागाकार माझ्याकडे आले. त्यांनीच गणितात दोनदा नापास केलेला विद्यार्थीच तेवढा मालवणात रिकामा होता.

रोज दुपारी मी भागायचो, बाकी मोठ्याने सांगायचो, चिंचोका टाकायचो. शेवटच्या दिवशी एकच राहिला होता आणि घरी जावई जेवायला. होड्या लागल्या होत्या, उशीर केला तर सुरमई दुसऱ्याच्या पिशवीत. दोनशे सत्तावीस जणींचा भाग गेला नाही, ही कोण मोठी लागून गेली? मी चिंचोका टाकला आणि चार हजार बारा बाकी, असं ठोकून दिलं.

 मास्तर हात जोडून बसले. मी पिशवी घेऊन पळालो.

जावयाने सुरमईची तारीफ केली. मी अर्ध्या जेवणावरून उठलो. हात धुतले आणि मासळीच्या कागदाची कोरडी बाजू शोधून ९,९६७ ने भागत बसलो. बाकी शून्य. भागाकार नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर, तीही मूळच.

सकाळी त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं, सुरमईसकट. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही संख्या माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतल्या.

"सहाचोच फरक," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "काल चिंचोको बेगीन पडलो, भागाकार होवच्या आदीच, तेव्हाच माका संशय इलो रे. पण माकाय ती मूळच व्हयी होती."

त्यांनी डबा पुढे केला. खोटा चिंचोका कुठला, मी विचारलं. खंयचोय काढ, म्हणाले. मी एक काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला आणि माझी मूठ उघडून तिच्यात परत ठेवला.

पावसाआधीच ते गेले. डबा त्यांच्या पुतणीने नेला, परसात ओतलाही असेल. माझ्याकडचा हा एक मात्र हिशेबात कुठेच बसत नाही.