मोहाखाली बसली म्हणून

आईचा गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरांनी दम भरला, "उकिडवं बसायचं नाही." नागभीडकडच्या खेड्यात बाईमाणसानं उकिडवं न बसता दिवस कसा काढावा, ते मात्र सांगितलं नाही.

तरी वर्षभर तिनं पाळलं. मग चैत्रात मोह पडायला लागला. बांधावरचं झाड आमच्या घराचं. त्याची फुलं दुसऱ्यानं वेचली की आईला जेवण जात नसे. एका सकाळी ती गुपचूप गेली आणि टोपली भरेपर्यंत झाडाखाली उकिडवी बसून वेचत राहिली.

काही दिवसांनी गुडघ्याच्या वर दुखायला लागलं. चोराच्या मनात चांदणं! आपण बसलो म्हणूनच सांधा बिघडला, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं आणि तोंड शिवून घेतलं. मी ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमधून फोन करायची, तपासणीला चल म्हणायची. तिचं उत्तर ठरलेलं, "पाय मस्त हाये. काऊन फिरवतं मले उगाच?"

दिवाळीला माहेरी गेले. ती लुगडं सावरत होती, तेव्हा गुडघ्यावरची सूज दिसली. मी ओरडलेच. "डाक्टरले मोहाचं सांगू नको," ती म्हणाली, आणि मग सगळं बाहेर पडलं. मला इतका राग आला की रडूही येईना.

नागपूरला फोटो काढले, तुकडा काढून तपासला. कृत्रिम सांध्याला लागून असलेल्या हाडात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी आधी मला एकटीला बोलावलं. असं फार क्वचित होतं, म्हणाले. तुम्ही लवकर आला असता तर पाय वाचवायचा प्रयत्न करता आला असता. आता मांडीतून कापावा लागेल आणि तेवढ्यानं भागेल याचीही खात्री नाही. त्यातलं 'लवकर' मी आईला अजून सांगितलेलं नाही.

मग त्यांनी तिला आत बोलावून पाय काढायचं सांगितलं. तिनं पायाबद्दल काही विचारलं नाही. मान खाली घालून म्हणाली, "साहेब, मी मोहाखाली बसली होती. त्याच्यानं झालं का?"

"नाही हो आजी. बसण्याचा याच्याशी काही संबंध नाही."

तिनं पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग माझा हात घट्ट धरला आणि मोठ्यानं रडायला लागली.

"लय दुखते वो बाई. रातभर दुखते."