मशेरी सोडणारी जाऊ

टाकव्यात नवा पंथ आणला तो गावच्याच दोघा-तिघांनी. ते लोणावळ्याला रेल्वेत फिटर होते. रविवारी त्यांना सुट्टी, म्हणून पंथाची सभाही रविवारी. लग्नाला भट नको, देवीला बकरा नको, पंगतीत जातपात नको आणि नशा नको, एवढेच त्यांचे म्हणणे. जुन्या वळणाच्या गावाने हे मानले कसे, असे शिकलेली माणसे मला अजून विचारतात. गावाने नाही, बायकांनी मानले. भटाने आमचे काही घोडे मारले नव्हते. आम्ही जात होतो ते शेवटच्या कलमासाठी.

आमच्या घरचेच सांगते. थोरले दीर तुंगार्लीच्या बंगल्यांवर घोड्यांसाठी गवताची गाडी पोचवत. येताना हातभट्टीवर थांबत आणि मग गाडीतच आडवे होत. एकदा गाडी ओढ्यात गेली. बैल लंगडत आला, दीर कपाळ फोडून आले. थोरल्या जाऊबाई हळद दाबता दाबता मला म्हणाल्या, "ह्या खेपंला निभावलं गं. पुढल्या खेपंला मला कुंकू पुसाय लावतील हे." माळ घातली की नशा सोडल्याची शपथ; दिरांच्या गळ्यात ती पंथाची माळ घालायचीच, हे जाऊबाईंनी त्या दिवशी ठरवले.

रविवारी जाऊबाई नवऱ्याला सभेला घेऊन गेल्या. पंथाचे महाराज रेल्वेतले कारकून, शहरात वाढलेले, बोलायला मऊ. त्यांचे बोलणे संपताच दीर उठले.

"म्हाराज, नशा म्हंजी नुसती दारूच का?"

"दारू, गांजा, तंबाखू, सगळंच आलं."

"मग ह्या समद्या बाया सकाळ-सांच्याला दाताला काय घासत्यात, तेबी इचारा की!"

पुरुष खो खो हसले. महाराजांना वाटत होते, मशेरी म्हणजे कोळशाची राखुंडी. तंबाखू भाजून करतात हे कुणीतरी सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. खरे सांगायचे तर आम्हीही तिला कधी नशा समजलो नव्हतो. दात घासण्यात कसली आली नशा? पण महाराज नियमाला पक्के. मशेरीही बंद, म्हणाले.

पुढच्या रविवारी सभेला तीनच बायका. त्यांतल्या दोघींना दात नव्हते.

तिसऱ्या होत्या आमच्या थोरल्या जाऊबाई. दिरांनी घरी छाती ठोकून सांगितले होते, "तू मशेरी सोड, त्याच दिशी मी माळ घालतो." ही बाई जन्मात सोडणार नाही, अशी त्यांची खात्री. जाऊबाईंनी कमरेची डबी काढून महाराजांपुढे आदळली. "ही माजी. आता ह्यांचं नरडं धरा." सगळा गाव बघत होता. दिरांनी माळेसाठी मान पुढे केली.

त्यानंतरचे तीन आठवडे मात्र आम्हांला भोवले. जाऊबाईंचे डोके दुखे, पोट साफ होईना, आणि राग निघे माझ्यावर. मी गोठ्यामागे जाऊन मशेरी लावत असे. मी कुणाला शब्द दिला नव्हता. रोज सकाळी दीर बायकोचे बोट तपासत, संध्याकाळी बायको नवऱ्याचे तोंड हुंगे. देवाची भीती दोघांनाही फारशी नव्हती.

चार-पाच वर्षांनी महाराजांची घाटाखाली बदली झाली आणि पंथ विरला. देवीचा बकरा परत आला, भटही आला. दीर जेवता जेवता म्हणाले, "पंथच न्हाई ऱ्हायला, तर माळ कशाला?"

"पंथ गेला आसंल. मी हितंच हाय," जाऊबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी दिवसाउजेडी परत आली. दीर बैल सोडायच्या आधीच दारात येऊन वाकले. जाऊबाईंनी हुंगले.

"कांदा खाल्लाय. कशाला खाल्ला कांदा?"

"भाकरीसंगं खाल्ला, आणि कशाला!"

"चूळ भरा. परत हुंगते."

दिरांनी तांब्या उचलला.