मागच्या रांगेतला हात

तिचं खरं नाव काय, हे आठवायला तिच्या नवऱ्यालाही डोकं खाजवावं लागे. सगळा बाजार तिला हॅलोताई म्हणायचा. सभा असो, लग्न असो, नाहीतर शाळेचं स्नेहसंमेलन असो, माईक लावायला हॅलोताईच. घराच्या खालच्या खोलीत तिचं दुकान. भिंतीवर वेटोळी करून टांगलेल्या वायरी, कोपऱ्यात एकात एक घालून ठेवलेले कर्णे, टेबलावर पोट उघडून पडलेलं एखादं मशीन आणि नाकात जाणारा सोल्डरचा धूर. नवरा टेम्पो चालवायचा आणि खांबावर चढायचा. बाकी सगळं ती.

नाव कसं पडलं, तेही सांगायला हवं. वाचनालयाच्या उद्घाटनाला कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "आज आपल्या माईकवाल्या ताईंनीही दोन शब्द बोलावेत." ती स्टेजवर चढली. समोर खुर्च्या गच्च भरलेल्या. त्या बघताच तिला एक शब्द सुचेना, आणि शेवटी "हॅलो, हॅलो" एवढंच म्हणून ती खाली उतरली. दोन शब्द मागितले होते, तिने मोजून दोन दिले, यात बिचारीचं काय चुकलं? पण लोकांना निमित्तच हवं असतं. हॅलोताई हे नाव तिला त्या दिवशी चिकटलं ते कायमचं.

गंमत अशी की हीच बाई रिकाम्या खुर्च्यांपुढे तोंडाचा पट्टा सोडायची. आवाज कुठे घुमतो आणि कुठे विरतो हे 'वन, टू, थ्री' वरून कळत नाही, असं तिचं ठाम मत होतं. माणूस खरंच बोलतो तसं बोललं, तरच मशीनची परीक्षा होते. म्हणून सभेआधी माईक हातात घेऊन ती मनात येईल ते बोलत सुटायची. त्या वेळी घरातलं कुणीतरी शेवटच्या रांगेत उभं राहायचं आणि ऐकू आलं की हात वर करायचं. मुलगी शाळेत नसली तर मुलगी, नाहीतर सासूबाई. सासूबाई कानाने चांगल्याच अधू. लोक हसायचे. हॅलोताई म्हणायची, "ज्यांना धड ऐकू येतं त्यांना विचारून काय उपयोग? सासूबाईंचा हात वर झाला, की आवाज सगळ्या गावाला पोचला समजायचं."

एकदा बाजाराच्या चौकात नगरसेवकांची सभा होती. हे गृहस्थ इतक्यांदा निवडून आले होते, की त्यांच्या खुर्चीला आता पालवी फुटायचीच काय ती बाकी होती. माणूस तसा गोड बोलणारा. कामाचं विचारलं की आणखी गोड. हॅलोताई नेहमीसारखी आवाज तपासायला उभी राहिली. तिच्या समजुतीने फक्त स्टेजवरचा एक बॉक्स चालू होता. नवऱ्याने मात्र चहाला जाता जाता खांबांवरच्या कर्ण्यांचीही लाइन जोडून टाकली होती, आणि सांगायचं विसरला होता. पुरुषमाणूस, चहा म्हटल्यावर दुसरं काय लक्षात राहणार?

"हॅलो, हॅलो. बाजारातल्या बायकांच्या संडासाला कुलूप. हॅलो. किल्ली नगरसेवकांच्या ऑफिसात. का, तर म्हणे बायका घाण करतात. आणि पुरुष काय तिथे अत्तर शिंपडतात? हॅलो. दिवसभर दुकानात बसणारी बाई घोटभर पाणी पीत नाही. का पीत नाही? एकदा किल्ली द्या, मग सांगते. हॅलो. आवाज जरा जाड येतोय, कमी करते."

बाजारभर एकेक कर्णा हे सगळं खणखणीत आवाजात सांगत होता. दुकानादुकानांतून बायका बाहेर आल्या. गळ्यात टेप तशीच अडकवून चौकातली टेलरबाई धावत आली आणि हॅलोताईच्या कानात ओरडली, "अगं, सगळीकडे ऐकू येतंय!" हॅलोताईच्या हातातून माईक पडता पडता राहिला. एवढ्यात नगरसेवकांची गाडी येऊन थांबली. त्यांनी दार उघडलं, तर समोर बायकांची भिंत. ते हसले, घाम पुसला, आणि किल्ली हरवली होती, असं म्हणाले. मग ती हरवलेली किल्ली सभा सुरू होण्याआधी सापडलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई दुकानात येऊन स्टुलावर ठाण मांडून बसली.

"येत्या नगरपालिकेच्या निवडणुकीला तू उभं राहायचंस."

"मी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मी आपली वायरींतली बाई."

"कुलूप कुणी उघडलं?"

"ते चुकून झालं गं."

"मग चुकून एवढं होतं, तर ठरवून किती होईल?"

नवरा टेम्पोखालून डोकं काढून म्हणाला, "राहा की उभी. टेम्पो घरचा, माईक घरचा, ड्रायव्हरसुद्धा घरचाच." सासूबाईंनी कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणतायत?" मुलीने त्यांना ओरडून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यात विचारायचं काय? आमच्या वेळी बायकांनी उभं राहायचं ते फक्त दारात. ही निदान निवडणुकीला तरी राहील."

"अहो पण भरलेल्या खुर्च्या बघितल्या की माझी बोलती बंद होते!" हॅलोताई अगदी काकुळतीला आली. हेच तिचं खरं दुखणं होतं. कामाला ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. भीती होती ती त्या खुर्च्यांची, आणि आपण पुन्हा एकदा दोन शब्द बोलून खाली उतरू याची.

मुलगी मग हळूच बोलली. शाळेत विद्यार्थी प्रमुखाची निवडणूक होती. तिने नाव दिलं होतं, पण सर म्हणाले होते, "तू उपप्रमुख हो ना. तुझं अक्षर छान आहे, फळा लिहायला बरं." शाळेत प्रमुख मुलगा आणि उपप्रमुख मुलगी असंच चालत आलेलं. पोरगी नाव मागे घ्यायच्या बेतात होती.

"आई, तू उभी राहिलीस तर मी नाव मागे घेत नाही. तू भरलेल्या खुर्च्यांपुढे बोललीस, की मीही बोलेन."

"आणि माझी दातखीळ बसली तर?"

"तर मी छान अक्षरात फळा लिहीन."

हॅलोताईला हे फार लागलं. स्वतःसाठी तिने शंभर सबबी सांगितल्या असत्या, पण पोरीच्या त्या सुंदर अक्षराचा तिला एकाएकी भयंकर राग आला. तिने हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरं. कुठे जाऊन नाव द्यायचं असतं?"

प्रचार कसला, गप्पाच त्या. दारात उभं राहून दोघीतिघींशी बोलायचं असलं की हॅलोताईच्या तोंडाला खीळ नव्हती. गल्लीतला दिवा, बंद पडलेल्या पाळणाघराचा विषय, सगळं ती हसतखेळत बोलायची. टेलरबाई तिच्याबरोबर फिरायची आणि बोलता बोलता एखादीचं मापही घ्यायची. सगळं छान चाललं होतं. आता उरली होती ती शेवटची सभा. नगरपालिकेच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांनी एकाच स्टेजवरून बोलायचं होतं.

माईक लावायचं काम अर्थातच हॅलोताईकडे. त्यामुळे उमेदवारबाई दुपारभर गुडघ्यांवर बसून वायरी चिकटवत होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या तोवर तिने रस्त्यांपासून पाळणाघरापर्यंत असं काही भाषण केलं, की झाडू मारणाऱ्या बाईने झाडू बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी हॉल भरला. पुढच्या रांगांमध्ये पायावर पाय टाकून पुरुष बसले. बायका शेवटी, दाराजवळ उभ्या. घरी कुकर लावायचा, मुलांना घ्यायचं, म्हणजे लवकर सटकता यायला हवं. सासूबाईंना तेवढी शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. मुलगी स्टेजच्या बाजूला मशीनपाशी बसली.

नगरसेवक आधी बोलले. छान बोलले. शेवटी हसून म्हणाले, "आमच्या हॅलोताई तर काय, घरच्याच आहेत. त्यांनी माईक सांभाळावा, आम्ही वॉर्ड सांभाळतो." पुढच्या रांगा खदखदून हसल्या. मग हॅलोताईचं नाव पुकारलं.

ती माईकपाशी गेली. स्टँड नगरसेवकांच्या उंचीचा होता, तो खाली घ्यायचंही तिला सुचलं नाही. समोर खुर्च्याच खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीत माणूस. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "हॅलो, हॅलो." मशीनपाशी पोरीने मान खाली घातली होती. हॅलोताईला तेवढंच दिसलं. आता उतरावं खाली, ती मनाशी म्हणाली. झालं तेवढं हसं पुरे.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातून एक हात वर आला. काटकुळा, ताठ, रोज वर येतो तसा. सासूबाईंचा.

ऐकू येतंय, असं त्या सांगत होत्या. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं, इतकी शांतता होती, आणि म्हातारी खुशाल हात वर करून बसली होती. हॅलोताईला हसू फुटलं. ती माईकमध्ये म्हणाली, "अहो सासूबाई, हात काय करताय वर? मी अजून काही बोललेच नाही!"

आणि मागून टेलरबाई ओरडली, "मग बोल की!"

हॉल हसला. पण हे हसणं निराळं होतं, आणि त्यात हॅलोताई स्वतःही होती. तिने स्टँडवरून माईक काढून हातात घेतला, आणि आवाज तपासताना जायची तशी सरळ स्टेज उतरून मधल्या वाटेने मागे चालायला लागली. वायर तिनेच लावलेली, ती मुद्दाम लांब ठेवलेली. बॉक्ससमोरून जाताना माईक शिट्टी मारणार, एवढ्यात पोरीने झटकन आवाज कमी केला आणि आई पुढे गेल्यावर पुन्हा वाढवला. पोरीची मान आता वर होती.

हॅलोताई दारापाशी बायकांमध्ये जाऊन उभी राहिली आणि तिथून बोलू लागली. पुढच्यांची पंचाईत झाली. मान वळवून वळवून किती वळवणार? एकाने खुर्ची फिरवली, मग दुसऱ्याने, आणि मग हॉलभर खुर्च्यांची करकर सुरू झाली. मघाची शेवटची रांग बघता बघता पहिली झाली. नगरसेवक स्टेजवर बसून लोकांच्या पाठी बघत राहिले.

ती काय बोलली? जे ती रिकाम्या खुर्च्यांना इतकी वर्षं सांगत आली होती तेच. बाजारातली एक बाई नगरपालिकेत बसली असती तर त्या कुलपासाठी कर्ण्यांवरून बोंबलावं लागलं नसतं, हेही ती बोलली. आणि शेवटी दाराशी उभ्या असलेल्या मुलींकडे वळून म्हणाली, "तुम्हाला कुणी म्हटलं ना, की तुझं अक्षर छान आहे, तर म्हणायचं, हो, आणि आवाजपण." त्या संध्याकाळी कुकर उशिरा लागले.

हॅलोताई निवडून आली. अगदी घासून आली, पण आली. आता माजी झालेल्या नगरसेवकांनी येऊन हात जोडून अभिनंदन केलं आणि पुढच्या कार्यक्रमाला माईक तिचाच हवा, असंही सांगितलं. माणूस गोड तो गोडच.

त्यानंतर आठवड्याभराने शाळेची निवडणूक. माईक हॅलोताईने लावला आणि स्टँड पोरीच्या उंचीला घट्ट करून ठेवला. मग ती शेवटच्या रांगेत सासूबाईंशेजारी जाऊन उभी राहिली. पोरगी स्टेजवर आली. समोर सगळी शाळा. पोरीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुन्हा उघडलं. आवाज नाही. तिची नजर पहिल्या रांगेतल्या सरांवर खिळली होती.

हॅलोताईने हात वर केला.

"काय म्हणाली गं ती?" सासूबाईंनी मोठ्याने विचारलं.

"अजून काही नाही."

"मग हात कशाला वर केलास?"

"त्या दिवशी तुम्ही कशाला केला होता?"

सासूबाईंनी सुनेकडे एकदा बघितलं, गालातल्या गालात हसल्या, आणि आपलाही हात वर केला. तिकडे स्टेजवर पोरीची नजर सरांवरून उठली आणि सगळ्या खुर्च्या ओलांडून मागच्या रांगेपर्यंत आली. तिने माईक स्टँडवरून काढून हातात घेतला.