वर्गात उत्क्रांती, गळ्यात इष्टलिंग

उदगीरहून मन्मथ सरांच्या घरून वहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी दाढी करत होतो. "सर गेले हो... पूजा झाली, चहा मागितला, आन् चहा घेऊन येईस्तोवर गेले." मन्मथ सरांनी कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं, जातानाही नाही.

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही उभी नोकरी सोबत केली. ते जीवशास्त्र शिकवायचे, मी मराठी. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, कपाळाला विभूती लावायची आणि तासाला येऊन फळ्यावर माणसाचे पूर्वज काढायचे, हा त्यांचा दिनक्रम. मी देव न मानणारा. "सर, घरचं खरं की फळ्यावरचं?" असं डिवचायचो. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "भाषावाले, तुम्ही वर्गात विरहाच्या कविता शिकवता आन् घरी जाऊन वाट्यावर वाट्या आमरस खाता. आम्ही कधी विचारलं का?"

उपप्राचार्यपद रिकामं झालं तेव्हा सरच सर्वांत ज्येष्ठ होते, आणि ती खुर्ची त्यांना मनापासून हवी होती. नेमका तेव्हाच संस्थेच्या अध्यक्षांनी 'आपले पूर्वज आणि विज्ञान' असा सोहळा ठेवला. फेटे, तुताऱ्या, आणि फलकावर सगळ्या पूर्वजांहून मोठे अध्यक्ष. त्यांनी सरांना बाजूला घेतलं. "मासा, कासव, वराह... दशावतारात सगळी उत्क्रांती हाय, एवढंच बोला. सोमवारी ऑर्डर काढतो."

सर माइकपाशी गेले. "उत्क्रांतीला पुरावा लागतो, भक्तीला लागत नाही. देवाला माझ्या विषयाच्या परीक्षेला बसवायचं धाडस माझ्यात नाही. पेपर तपासणार कोण?" मागे हशा झाला, तो पहिल्या रांगेपर्यंत काही आला नाही. सोमवारी ऑर्डर निघाली, दुसऱ्याच्या नावाची.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासोबत घरी गेलो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"खोटं बोललाव का काही?"

"न्हाई."

"मग हात धुवा. भाकरी थंड व्हायलीय."

परवा उदगीरला गेलो तेव्हा वहिनींची पूजा आटोपत आली होती. मी विचारलं, ती खुर्ची गेल्याचं सर कधी बोलले का...

"एकदाच. म्हणाले, ती घेतली असती तर सकाळी हातातल्या लिंगाकडं बघवलं नसतं." मग त्यांनी आपला तळहात माझ्यापुढे धरला. "लिंग सावरतं ते अंगठ्यामुळं. आन् हा अंगठा म्हणे झाडाची फांदी धरून राहणाऱ्यांकडून आलाय. म्हणून पूजेला बसल्या बसल्या सर आधी त्यांना नमस्कार करायचे."

"कुणाला, माकडांना?"

"त्यांच्याबी आधीच्यांना. आता मी करते."

मी चहा घेऊन निघालो. पुढच्या खेपेला जरा लवकर जावं म्हणतो, त्या नमस्काराच्या वेळेला.