विंगेतली हळूबाई

उभा जन्म रंगमंचावर काढूनही जिचं तोंड एकाही प्रेक्षकानं पाहिलं नाही, अशी ही बाई. विंगेत स्टुलावर बसायची, मांडीवर नाटकाची संहिता. नट अडखळला की पुढचा शब्द असा सोडायची की त्याला ऐकू जावा, पहिल्या रांगेला नाही. भल्याभल्यांची अब्रू तिनं राखली. एक महाराज तर सिंहासनावर बसून स्वतःचंच नाव विसरले होते! सगळे तिला हळूबाई म्हणत.

लेक परदेशात लग्न करून स्थिरावली आणि म्हातारपणी हळूबाईला एकच ध्यास लागला: विहीणबाईंशी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलायचे. आजवर व्हिडिओ कॉलवर दोघी नुसत्या हात हलवत, मुक्या बाहुल्यांसारख्या. शेवटी शेजारणीनं फोनवर ती भाषा शिकणाऱ्यांच्या एका गटात तिचं नाव घातलं. तिथं शिकणाऱ्यांनी आपला व्हिडिओ टाकायचा, जाणकारांनी चुका सुधारायच्या.

"पण बोलू काय गं?"

"मनातलं बोला, मावशी. तिथं कोण ओळखतंय तुम्हाला?"

झालं! फोनपुढे बसली की हळूबाईला विंगेत बसल्यासारखं वाटे. आणि विंगेतलं बोलणं प्रेक्षकांपर्यंत जात नाही, ही तर तिची आयुष्यभराची खात्री. जे मराठीत कुणापाशी बोलली नव्हती, ते ती मोडक्या परभाषेत कुजबुजली. उजव्या डोळ्यानं दिसत नाही. डावाही मंदावतोय. लेकीपासून हे लपवलंय, एवढं मात्र ती तिथंही बोलली नाही; कळलं तर लेक नुकती लागलेली नोकरी टाकून धावत येईल.

मांजराच्या फोटोआडून कुणी एक बाई तिच्या चुका सुधारी. 'उजव्या डोळ्यानं दिसत नाही' हे वाक्य तर तिनं हळूबाईकडून पुन्हापुन्हा घोटून घेतलं.

मग तो कॉल आला. पडद्यावर लेक आणि विहीणबाई. हळूबाईनं फोन डाव्या डोळ्याजवळ धरला आणि पाठ केलेलं स्वागत धडाधड म्हटलं. लेक उडालीच. "आई! हे कधी शिकलीस?"

तेवढ्यात विहीणबाईंच्या मांडीवर मांजर चढलं. काळं, एक कान पांढरा. फोटोतलंच.

म्हणजे चुका सुधारणारी ती बाई विहीणबाईच! ज्यांच्याकडे आपला नंबर, त्यांना आपण त्या गटात दिसतो, हे हळूबाईला कुणी सांगितलंच नव्हतं. विहीणबाई मात्र मायेनं, सावकाश आपल्या भाषेत म्हणाल्या, "डावा डोळा आज कसा आहे?" बिचाऱ्यांना वाटलं, लेकीला ठाऊकच असणार.

हळूबाईनं झटकन फोन डोळ्यापासून दूर नेला.

"कसला डोळा? आई?"

"काही नाही गं, सरावाचं वाक्य ते..."

लेकीनं सासूकडे पाहिलं. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी मान खाली घातली, आणि लेक काय ते समजली.

"म्हणजे अख्ख्या जगाला सांगितलंस. फक्त मला सोडून!"

दुसऱ्यांना शब्द पुरवण्यात जन्म गेलेल्या बाईला आज स्वतःचा शब्द सुचेना.

तेव्हा विहीणबाई कॅमेऱ्याकडे किंचित झुकल्या आणि अगदी हलक्या आवाजात घोटवलेल्या वाक्याचा पहिला शब्द त्यांनी सोडला.

हळूबाईनं तो उचलला. वाक्य पुरं केलं. मग मराठीत, शेवटच्या रांगेला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली, "मला दिसत नाही गं, बाळा. येशील?"