काकांचा 'हेब्राइस्ती'

कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, हे व्रत आमच्या मावशीच्या यजमानांइतकं निष्ठेनं अख्ख्या सोलापुरात दुसऱ्या कुणी पाळलं नसेल. काका गिरणीच्या ऑफिसात जन्मभर तपासनीस होते. आणीबाणीच्या थोडं आधी निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. गवळी पाणी घालतो म्हणून शुक्रवार पेठेतून तांब्या घेऊन स्वतः गोठ्यावर जात आणि डोळ्यांसमोर धार काढून घेत. महिन्याभरात त्यांना म्हशीचाच संशय यायला लागला. "मधला माणूस आला की भेसळ आलीच," असं ते सारखं म्हणत.

आता भाषांतर करणारा मधलाच की! म्हणून ख्रिस्ती धर्मग्रंथ मूळ ग्रीकमधूनच वाचायचा, या हट्टानं मायदेशी परतणाऱ्या एका पाद्र्याकडून जुनी पुस्तकं आणून हा गृहस्थ उतारवयात ग्रीक शिकला. आणि अडकला 'हेब्राइस्ती' या एका शब्दावर. त्या ग्रंथात एक बाई मागं वळून आपल्या गुरूला हाक मारते, ती 'हेब्राइस्ती', म्हणजे हिब्रू भाषेत. कोश सांगतो, इथं अर्थ घ्यायचा अरामी, कारण तेव्हा ते लोक अरामी बोलत. "लिहिलंय हिब्रू आणि घ्यायचं अरामी? कुणाच्या फायद्याचं हे?" असं म्हणून काका माझ्याकडे बघत, जसा काही कोश मीच छापलाय.

"काका, घरात बोलत असतील ती भाषा. नाव काय का असेना."

"तू बोलूच नकोस. तू तिकडचा."

तिकडचा म्हणजे अक्कलकोटकडचा. माझी आई आणि मावशी माहेरी कानडी बोलत वाढलेल्या. आई दर शुक्रवारी मावशीकडे यायची. स्वयंपाकघरात दोघींचं कानडी सुरू झालं, की काका दाराआड पेपर धरून बसत. पान काही उलटत नसे. चाललंय ते आपल्याबद्दलच, ही पक्की खात्री. ग्रीक शिकलेला माणूस बायकोची भाषा तेवढी शिकला नाही, कारण शिकवणार कोण? तीच! मग मला बाहेर ओट्यावर ओढून विचारत, "काय म्हणाली?"

"वांगी किडकी निघाली म्हणाली."

"इतकी वर्षं वांगीच?"

मला हसू यायचं, पण त्यांचा जीव खरोखरच टांगणीला लागलेला असायचा. बायको आपल्याला मनातून काय समजते, एवढंच त्यांना हवं होतं.

पुढं मावशी आजारी पडली. तापात तिची मराठी गळून गेली, नुसती कानडी उरली. काका उशाशी बसलेले. मी आत गेलो तेव्हा तिनं डोळे उघडले, त्यांच्याकडे मान वळवली आणि विचारलं, "ऊटा आतेन्री?"

मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी हातानं थांबवलं. "मध्ये येऊ नकोस. जेवलात का विचारतेय ती." मग तिच्याकडे वाकून म्हणाले, "जेवलो गं." धडधडीत खोटं! सकाळपासून अन्नाचा कण पोटात नव्हता.

मावशी त्या दुखण्यातून उठली नाही. दिवसकार्य झाल्यावर काका एकदम मला म्हणाले, "त्या 'हेब्राइस्ती'चं तुझंच बरोबर असेल. घरातलीच भाषा."

आई पुढच्या शुक्रवारीही गेली, सवयीनं. मी बरोबर होतो. ती मराठीत त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला लागली, तर काकांनी पेपर खाली ठेवला. "कानडीत बोला की. काहीही बोला."

आई डोळे पुसत बोलत राहिली आणि काका ऐकत राहिले. अर्थ त्यांनी मला एकदाही विचारला नाही.